गोधडीखालचा मोर

आम्हा तीन भावंडांचं सध्या एकमेकांशी बोलणं बंद आहे आणि त्याला कारण एक बेडशीट आहे. डबल बेडची, मोराच्या डिझाइनची.

लोकांची भांडणं कशी भारदस्त असतात! कुणाचं जमिनीवरून, कुणाचं सोन्यावरून. आमच्याच गावात, अंबरनाथच्या मोरिवलीत, दोन सख्खे भाऊ एका आंब्याच्या झाडावरून कोर्टात गेले. झाड कधीच वठलं, वकिलांची मुलं शिकून परदेशी गेली, केस चालू आहे. पण त्यांना निदान चारचौघांत सांगायला तरी काही आहे. मला कुणी विचारलं, "काय गं मंदा, हल्ली भावाकडे येत नाहीस?" तर मी काय सांगू? चादरीवरून? (मी "गुडघे दुखतात" सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत, पण माहेर तुटल्यापासून त्यांच्यावर बरेच आळ आलेत.)

तर झालं असं. आई गेली आणि तिच्या खोलीतल्या कॉटखालून एक पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंकेला कुलूप. कुलूप बघितल्यावर माझ्या भावाची बायको वैशाली एकदम हळवी झाली. "आईंनी किती जपून ठेवलंय बघा," असं म्हणत तिने स्वतःच जाऊन हातोडी आणली. दिलीपने, म्हणजे माझ्या भावाने, कुलूप तोडलं. आत लुगडी. नुसती लुगडी! जुनी, सुती, धुऊन धुऊन इतकी विरलेली की एक उचलून धरलं तर पलीकडे वैशालीचा पडलेला चेहरा स्पष्ट दिसत होता.

"ही आता कोण नेसणार?" वैशाली म्हणाली. "बोहारीणसुद्धा घेणार नाही."

माझी धाकटी बहीण रेखा लगेच रडायला लागली. "वहिनी, आईची आहेत हो ती!"

"मग न्या ना तुम्ही. मी कुठे नाही म्हणते?"

रेखाचं रडणं जरा थांबलं. "मी नेली असती. पण आमच्याकडे जागा कुठे आहे? उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दोन खोल्या, त्यातली एक ह्यांच्या चेन-बटणांच्या मालाने भरलेली. वरून आमच्या लेकीच्या, पूजाच्या लग्नाचं सामान. ताई, तू ने ना. तुझा फ्लॅट मोठा आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा फ्लॅट बदलापूरला आहे आणि तो मोठा नाही. पण आमच्या घरात जे कुणालाच नको असतं त्याच्यासाठी माझा फ्लॅट नेहमी मोठा होतो.

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. अजून आठवलं की वाटतं, त्याच वेळी कुणीतरी माझ्या तोंडात लाडू का नाही कोंबला!

"मी गोधड्या शिवते," मी म्हटलं. "तिघांना तीन. म्हणजे आईची ऊब तिघांकडेही राहील."

'आईची ऊब' म्हटल्याबरोबर सगळ्यांचे डोळे भरून आले. दिलीपने नाक ओढलं. वैशालीसुद्धा "किती छान सुचतं ताईंना," म्हणाली. (घरातली अडगळ निघून चालली की ती माझं फार कौतुक करते.) फक्त माझे यजमान माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या चॉकलेटी शर्टाचं बटण दिवाळीत तुटलंय. ते त्यांनी एका वाटीत घालून माझ्या नजरेसमोर ठेवलंय. वाटी रोज घासली जाते, बटण रोज परत तिच्यात ठेवलं जातं.

आबा, म्हणजे आमचे वडील, दारात बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

लुगडी बदलापूरला आली. आता गोधडी शिवायची म्हणजे वरून आईची लुगडी ठीक आहे, पण खाली काय? पूर्वी खालीही लुगडंच लावायचे. पण या लुगड्यांत आता दमच नव्हता, हात लावला तरी फाटत होती. खाली काहीतरी मजबूत हवं. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. त्यातली बाई म्हणाली, "मैत्रिणींनो, मागच्या बाजूला सरळ एक बेडशीट लावून टाका! जोड लागत नाही, झटपट होते." मी तिथेच व्हिडिओ बंद केला. आपल्याला सगळं समजलं असं वाटून व्हिडिओ अर्ध्यात बंद करणाऱ्या बायकांपैकी मी आहे.

बेडशीट काय, आमच्या दिवाणात ढीगभर पडल्या होत्या! आहेराची. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला, रिटायरमेंटला माणसं बेडशीट देतात. ती देण्यासाठीच असते. पारदर्शक पिशवी, पिशवीला चेन, आत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एका चकाचक बेडरूमचा फोटो. आपण ती घेतो, "कशाला एवढं" म्हणतो, दिवाणात टाकतो आणि पुढच्या लग्नाला उचलून दुसऱ्याला देतो. तिसरा चौथ्याला देतो. माझी खात्री आहे, आपल्या भागात एकूण चादरी मोजक्याच असणार. त्याच वर्षानुवर्षं अंबरनाथ ते बदलापूर ते उल्हासनगर फिरत असतात. आपण जातो, त्या राहतात.

मी दोन चांगल्या निवडल्या. एक मोराची, गडद निळी. ही वैशालीने आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला दिलेली. पिशवीत उशांचे अभ्रे नव्हते. मी तेव्हा मनात म्हटलं, असेल, हल्ली वेगळे येत असतील. दुसरी सूर्यफुलांची. ही रेखाने माझ्या रिटायरमेंटला दिलेली.

आणि इथे मी डोकं चालवलं.

मोराची चादर वैशालीच्याच गोधडीला लावली तर ती ओळखणार. मग ती रेखाच्या गोधडीला लावायची. सूर्यफुलं रेखाने दिलेली, ती वैशालीच्या गोधडीला. म्हणजे जिची तिला दिसायलाच नको! मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की मी यजमानांना बोलावून सांगितलं.

"आणि आपल्या गोधडीला?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला काय, घरातली जुनी चादर. आपण कुणाला दाखवायला थोडीच जातो? त्यांना कोऱ्या, आपल्याला जुनी. कुणी बोट दाखवायला नको."

"बघ बाई," ते म्हणाले. माझ्या नवऱ्याने आयुष्यात वेळोवेळी "बघ बाई" म्हटलंय आणि मी एकदाही बघितलेलं नाही.

शिवणकाम हॉलमध्ये सुरू झालं. फर्निचर भिंतीला लावलं, मधोमध चादर पसरली, तिच्यावर लुगड्यांचे थर.

"चहा मिळेल का?" आतल्या खोलीतून आवाज.

"गोधडीवर पाय देऊ नका!"

"मग स्वयंपाकघरात येऊ कुठून?"

"गॅलरीतून या."

"मंदा, आपण चौथ्या मजल्यावर राहतो."

कोऱ्या चादरीला खळ किती असते हे मला माहीत नव्हतं. सुई वरून लुगड्यात लोण्यात शिरावी तशी शिरायची आणि खाली चादरीला लागली की आडून बसायची. जोर केला की एकदम आरपार, थेट बोटात. माझा अंगठा चाळणीसारखा झाला. सुया मोडल्या, चष्म्याचा नंबर वाढला, शेजारणी बघून "हौस आहे बाई तुम्हाला," म्हणून गेल्या. पण मी हटले नाही. एकेक लुगडं हातात घ्यायचे, आठवायचे, रडायचे, टाका घालायचे. एक करड्या चौकडीचा तुकडा होता, इतका मऊ, इतका ओळखीचा! तो तर मी किती वेळ गालाला लावून बसले. घरभर आईचा वास येतोय असं मला वाटत होतं. (यजमान म्हणाले, डांबरगोळ्यांचा येतोय.)

आणि रेखाच्या गोधडीच्या अगदी मधोमध मी आईचं मोतिया रंगाचं लुगडं लावलं. रेखाच्या लग्नात आई ते नेसली होती. म्हटलं, रेखाला किती बरं वाटेल!

तिन्ही गोधड्या तयार झाल्या. आता देण्याआधी एकदा धुऊन द्याव्यात, म्हणून मी त्या टबात भिजत घातल्या. तासाभराने बघते तर पाणी निळंशार. आमच्या मोराने रंग सोडला होता! कोरी चादर आधी वेगळी धुऊन घ्यायची असते, हे त्या व्हिडिओवाल्या बाईने शेवटी सांगितलं होतं म्हणे. शेवट मी बघितला नव्हता.

बाकीच्या लुगड्यांवर तो रंग खपून गेला. गडदच होती ती. पण मोतिया लुगड्यावर हा एवढा निळा डाग. मार लागल्यासारखा.

"वाळल्यावर दिसणार नाही," मी म्हटलं.

वाळल्यावर यजमान म्हणाले, "आता जास्त दिसतोय."

आईचं वर्षश्राद्ध मोरिवलीला दिलीपच्या घरी होतं. भावकी जमलेली, पानं उठलेली, मंडळी सुपारी कातरत बसलेली. मला वाटलं, हीच वेळ. मी मोठ्या पिशवीतून गोधड्या काढल्या. बायका जवळ सरकल्या. "आईच्या लुगड्यांच्या आहेत," मी सांगितलं आणि खोलीत अशी शांतता पसरली की मला स्वतःलाच हुंदका आला. एक म्हातारी चुलती म्हणाली, "लेक असावी तर अशी!" आयुष्यात माझं एवढं कौतुक पहिल्यांदाच झालं. किती वेळ टिकलं? रेखाने गोधडीची घडी उलगडेपर्यंत.

"ताई, हे मधलं कुठलं लुगडं गं?"

"ओळख बघू! तुझ्या लग्नातलं. मोतिया."

"मोतिया? हे तर निळं आहे."

"जरासा रंग लागलाय. धुताना."

"कशाचा रंग?" असं म्हणत रेखाने गोधडी उलटी केली.

खाली मोर. पिसारा फुलवून, आनंदात!

रेखाने त्या मोराच्या डोळ्यावरून बोट फिरवलं, शिवणीची कड बघितली, आणि हळूच म्हणाली, "ताई, ही चादर तुझ्याकडे कुठून आली?"

आता मला खोटं बोलता येत नाही असं नाही. येतं. पण वेळेवर येत नाही. "ही ना, ही... वैशालीने दिली होती. वास्तुशांतीला."

"वहिनींनी?" रेखाचा आवाज चढला. "ही चादर मी दिली होती दादाला! हे घर बांधलं तेव्हा! अख्खा कॅम्प फिरून शोधून आणली होती!"

खोलीत सुपारी कातरायचा आवाज थांबला.

वैशाली काही साधी नाही. तिने पापणी हलवली नाही. "रेखाताई, असे मोर बाजारात ढिगाने मिळतात. तुमची चादर आमच्या कपाटात आहे. अगदी जपून ठेवलीय."

"दाखवा मग."

"आता पाहुण्यांसमोर कपाट उघडू का?"

आणि नेमके त्याच क्षणी आबा आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांना कुणी हाक मारली नव्हती. पण मोर मोर ऐकून त्यांना वाटलं, आपण काहीतरी मदत करावी. त्यांच्या काखेत त्यांची उशी होती.

"माजे उशीला बी यो असाच मोर हाय," आबा कौतुकाने म्हणाले. आमच्या आबांची बोली अजून गावचीच आहे. आम्ही तिघं शाळेत गेलो आणि बिघडलो. "बगा ना. जोरीचाच हाय जसा काय."

उशीवर मोर! तोच निळा, तोच पिसारा. माझ्या पिशवीत नसलेल्या दोन अभ्र्यांपैकी एक असा समोर आला. चादर मला देऊन टाकली आणि अभ्रे ठेवून घेतले! वैशालीचा हा काटकसरीपणा माझ्या लक्षात आला नव्हता याचं मला त्या गडबडीतही वाईट वाटलं.

"हे काय आहे?" रेखा ओरडली.

वैशालीने एकदा उशीकडे बघितलं, एकदा आबांकडे. त्या बघण्यात पुढचं सगळं होतं, फक्त आम्हाला अजून वाचता आलं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. "आणि ताई, तुम्ही तरी काय केलंत? आमची दिलेली वस्तू चक्क गोधडीखाली लावली? जमिनीवर लोळायला?"

"अगं, पण ती तुझी नव्हतीच!" मी म्हटलं.

"तुम्हाला ते माहीत होतं का तेव्हा?"

हा मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात रेखाने वैशालीच्या मांडीवरची गोधडी ओढून उलटी केली. सूर्यफुलं!

"ताई!!"

"रेखा, ऐक..."

"ही पण माझीच! ही मी तुझ्या रिटायरमेंटला दिलेली! म्हणजे मी दिलेलं कुणीच वापरलं नाही? एकीने पुढे ढकलली, दुसरीने गोधडीखाली लावली? मी काय भंगार वाटत फिरते का?"

"बघा, बघा," वैशाली भावकीकडे वळून म्हणाली, "मला एकटीलाच बोलत होत्या."

इतका वेळ दिलीप गप्प होता. घरात आग लागली तरी मोबाईल चार्जिंगला आहे ना हे बघणारा माणूस तो. पण आता त्याला वाटलं असावं की घरातला कर्ता पुरुष म्हणून आपण काही तरी म्हणायला हवं. त्याने माझी, तिसरी, गोधडी उचलली आणि तिच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला.

"ही बघा. ताईची स्वतःची. सगळ्यात मऊ हीच आहे!"

"अरे, ती जुनी चादर आहे म्हणून मऊ आहे!"

"तेच म्हणतोय. आम्हाला खरखरीत, स्वतःला मऊ."

मी नवऱ्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. छतावर काही नव्हतं.

मग चादरी मागे पडल्या आणि जे बाहेर यायचं ते आलं. आई आजारी असताना कोण किती वेळा आलं. कोण डबा घेऊन आलं आणि कोण डबा घेऊन गेलं. रेखा म्हणाली, "मी दुकान टाकून धावत येत होते." वैशाली म्हणाली, "धावत यायच्या आणि रिक्षा उभी ठेवून जायच्या. आईंची लुगडी तर मी धूत होते." दिलीप म्हणाला, "माझ्या घरात बसून माझ्या बायकोला बोलू नका." मी म्हटलं, "हे आईचं घर आहे." तो म्हणाला, "होतं." भावकीतली माणसं एव्हाना उठून जायला हवी होती. एकही हललं नाही. उलट दारातल्यांना आतलं नीट ऐकू येईना म्हणून ती दोन पावलं आत आली.

आणि आई? आई जमिनीवर तीन ढिगांत पडली होती, पालथी. वर मोर, सूर्यफुलं आणि माझी जुनी चादर. सगळ्या भांडणात कुणीही एकदाही गोधडी सुलटी केली नाही.

शेवटी वैशालीने सूर्यफुलांची गोधडी उचलून माझ्या पिशवीत कोंबली. "न्या ही तुमची. आम्हाला नको कुणाची ऊब. आणि एवढा जर आईंचा पुळका आहे ना, तर आबांना पण न्या. वर्षभर मी एकटी करतेय."

मी दिलीपकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा काही बोलेल. बोलला. "चार्जर कुठे गेला?" म्हणाला.

रेखाही गोधडी टाकून चपला घालत होती. "मी नेले असते आबांना, पण आमच्याकडे जागा..." ती डोळे पुसत गेली. मला तिचा राग आला, पण तिचे पायही नीट पडत नव्हते.

आबा उशी काखेत धरून उभे होते. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना ऐकू कमी येतं असं आम्ही सगळे समजतो. ते सोयीचं आहे. मग ते माझ्याजवळ आले.

"मंदे, तुजे घरा लिफ्ट हाय ना गो?"

"आहे आबा."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि पिशवी भरायला आत गेले. फार वेळ लागला नाही. अख्ख्या आयुष्याचं सामान एका कापडी पिशवीत मावलं आणि वर उशीला जागा उरली. वैशालीने तेवढ्यात "अभ्रा काढून घेऊ का?" असं विचारलं नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवते.

बाहेर रिक्षा थांबवली. मागे मी, यजमान, मध्ये आबा आणि मांड्यांवर तीन गोधड्या. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "गादीवाले का काका? आमच्या घरी पण एक गादी पिंजायची आहे."

"नाही," यजमान म्हणाले. "वाटणी झाली आमच्याकडे."

"मग जमीन कुणाला?"

"ती भावाला."

"आणि तुम्हाला हे?" त्याने आरशात आम्हा चौघांकडे, म्हणजे तीन माणसं आणि एक गठ्ठा, नीट बघितलं. पुढे बदलापूरपर्यंत त्याने एकेक खड्डा चुकवत रिक्षा चालवली. वरून मीटरचे सुटे पैसे परत देताना माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा पण काही आहेर देतो की काय!

घरी आल्यावर आबांना हॉलमधल्या दिवाणावर बसवलं. उन्हाळ्याचे दिवस, बदलापूरची संध्याकाळ, पंखा नुसता हवा ढवळत होता. मी त्यांच्या पायाशी गोधडी ठेवली. सुलटी. आता तरी कुणीतरी नीट बघेल! आणि आबांनी बघितली. हात फिरवत, एकेक तुकडा.

"यो तिचा कापनीचा लुगरा. यो बाजारात नेसाची. यो... यो मीच आनलेला गो, तिला रंग आवरला नवता, तरी नेसली." त्यांचा हात थांबत होता, पुढे सरकत होता. म्हटलं, एवढ्या सगळ्या तमाशाचं काहीतरी चीज झालं! त्यांचा हात त्या करड्या चौकडीच्या मऊ तुकड्यावर आला.

"आन् ही तिची नाय," आबा म्हणाले. "ही माजी लुंगी हाय."

स्वयंपाकघरातून यजमानांचा ठसका ऐकू आला. तो बराच वेळ चालू होता.

"आबा, घ्या अंगावर," मी विषय बदलत म्हटलं. "पडा जरा."

"नको गो. मना उकारतंय. गोधरी कनाला आता? येखादी चादर दे पातल."

मी दिवाण उघडला. कपाट उघडलं. माळ्यावर यजमानांना चढवलं. आमच्या घरात पांघरायला एकही चादर शिल्लक नव्हती. दोन शिवल्या होत्या, तिसरी माझ्या नम्रतेत खर्ची पडली होती, आणि बाकीच्या मी या वर्षभरात लग्नांतून वाटून टाकल्या होत्या. शेवटी आबा माझ्या धुतलेल्या ओढणीखाली झोपले. ओढणी पायापर्यंत पोचत नव्हती. त्यांनी पाय जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्हासनगरला गेले, चादर आणायला. चादरींचा बाजार कॅम्प चारजवळ आणि रेखाचं दुकानही तिथेच. ती काउंटरवर चेनचा गठ्ठा मोजत होती. तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. मी हात वर केला, अर्धाच, म्हणजे तिने नाही बघितलं तर केस सारखे करतेय असं म्हणता येईल. तिने मान खाली घातली आणि तोच गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मी केस सारखे केले.

पुढच्या गल्लीत एका सिंधी शेठच्या दुकानात शिरले. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि फटाफट पिशव्या उघडून समोर टाकल्या. गुलाब, कमळं, वाघ, हृदयं. एक मला आवडली, हिरवी, कोयऱ्यांची.

"ही द्या," मी म्हटलं.

"गिफ्ट पॅक करूं ना, दीदी?"

"नको, गिफ्ट नाही. घरात वापरायला पाहिजे. वडिलांना."

त्याचा हात थांबला. त्याने चादर माझ्या हातातून काढून घेतली, प्रेमाने घडी घातली आणि परत पिशवीत सरकवली.

"वापरायला? तो फिर ये मत लो दीदी. एक धुलाई में रंग छोड़ देगा. ये ओढने-बिछाने का नहीं, देने का माल है. अख्खा उल्हासनगर हेच देतो." मग खाली वाकून त्याने काउंटरखालून एक साधी पांढरी, मऊ सुती चादर काढली. ना पिशवी, ना पुठ्ठा, ना फोटो. "बाबूजी के लिए ये ले जाओ."

मी ती घेतली. पैसे दिले. उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ती हिरवी पण द्या," मी म्हटलं. "गिफ्ट पॅक करून."

काय करणार! रेखाच्या पूजाचं लग्न ठरतंय म्हणतात. बोलावलंच, तर रिकाम्या हाताने कसं जायचं?